एका हाताचं लुगडं

पाचपावलीच्या कोष्टी विणकरांत शालिकरामाच्या मागाचा ठोका लांबूनही ओळखू येई. पहिल्या वारापासून नवव्यापर्यंत फणी तेवढ्याच वजनाने आपटे. लुगडं एका हाताचं असावं, हा त्याचा अभिमान होता. बायको अनुसया सुताच्या कांड्या भरून देई, पण मागावर कधी बसत नसे.

गिरणीतल्या कामगारांना सरकारी विमा लागू झाला आणि त्यांना आजारपणातही पैसे मिळू लागले. घरच्या मागावर मालक आपणच, तिथे कोण देणार? म्हणून शेजारच्या नानाजीने विणकरांचा आजारफंड काढला. ज्याला वाटेल त्याने यावं, दर आठवड्याला थोडं टाकावं; कोणी खाटेला लागलं की त्याच्या घरचं धान्य फंडाने भरावं.

"मले नको," शालिकराम म्हणाला. "हात शाबूत हायेत माहे."

"शाबूत हायेत तवरच घेऊन राहिलो गा," नानाजी हसला. "मोडल्यावर कोण घेते?"

त्याच हिवाळ्यात शालिकरामाला मुदतीच्या तापाने धरलं. मागावर अर्धं लुगडं, मडक्यात तळाची ज्वारी. लुगडं पोचल्याशिवाय गांधीबागेच्या कापडबाजारातले ताराचंद शेठ नवं सूत देत नसत. अनुसया मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली.

"हात नको लावू वं!" तो खाटेवरून ओरडला.

"मंग पोरं काय सूत खातीन?" म्हणत तिने ताण्यातून धोटा फेकला.

तो पडल्या पडल्या ऐकत राही. ठोका हलका पडे. त्याला कळे, पण उठवत नसे.

शेठने लुगडं उजेडात धरलं. मधोमध आडवी रेघ होती. अलीकडे घट्ट वीण, पलीकडे विरळ. "दोन हातांचा माल हाय, बाई. शालिकरामचा म्हणून कसा विकू?"

अनुसयेने ते घरी परत आणलं, धुतलं आणि ती स्वतःच ते नेसली. शेजारच्या मनकर्णेच्या उसन्या ज्वारीवर घर चाललं.

ताप उतरल्यावर शालिकराम पहिल्यांदा मागावर बसला. फणी ओढली. ठोका हलका पडला, अनुसयेसारखाच. पुन्हा ओढली. तसाच. अंगणात ती झाडत होती आणि लुगड्याची रेघ तिच्या पाठीवरून आडवी गेली होती. त्याने फणी सोडली. मग काठी घेऊन नानाजीच्या दारी गेला.

"काहून आला गा? हात तं शाबूत हायेत ना?"

"मलेही फंडात घे. हात येईन परत. तो येईपर्यंत मागावरचं लुगडं थांबता आलं पाहिजे," शालिकराम म्हणाला. "ह्या खेपेस नाही थांबलं."

नानाजीने थट्टा आवरली आणि त्याला बसायला पाट दिला.