शेवटी, पण कमी नव्हे

हॅदरबी गावच्या चर्चपत्रकात सप्टेंबरच्या भाजी-प्रदर्शनाचे आभार गेली एकोणीस वर्षं एकाच वाक्यावर संपत: ‘आणि शेवटी, पण मुळीच कमी नव्हे, मिसेस ऑलिव्ह थॉर्नबर, कपबश्या विसळल्याबद्दल.’ तसे हे शब्द आमच्याकडे क्रिकेट क्लबच्या अहवालापासून मयताच्या आभारपत्रापर्यंत कुठेही भेटतात. ऑलिव्हबाईंना मात्र ते स्वतःच्या सातबाऱ्यावर चढल्यासारखे वाटत. एकोणीस कात्रणं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली होती.

विसाव्या वर्षी पत्रक आलं. बाईंनी रिवाजाप्रमाणे खालून वाचायला घेतलं. शेवटी, पण मुळीच कमी नव्हे, मिसेस मॉरीन पिकल्स होत्या.

“मी कुठाय?” बाईंनी नवऱ्याला विचारलं.

“गाड्या लावून देणाऱ्या डग्लसच्या खाली, तंबूवाल्यांच्या वर,” वॉल्टर म्हणाला. “मधोमध. उबदार जागा आहे.”

“गावात येऊन दीड वर्ष झालंय तिला. केलं काय तिनं?”

“लिंबाचा केक बरा होता तिचा.”

यानंतर आठवडाभर वॉल्टरला गोड म्हणून काही मिळालं नाही. बाईंना मॉरीनचे पडदे भडक दिसू लागले, तिचे गुलाब उगाच मोठे वाटू लागले. शेवटी, हॉलमधली फडकी धुऊन परत द्यायच्या निमित्तानं त्या प्रदर्शनाचे चिटणीस हेब्डन यांच्याकडे गेल्या.

“नावं कशी लावता हो तुम्ही, मिस्टर हेब्डन? आपलं सहज विचारते.”

“लावतो कसली? मी किल्ल्या घेऊन दाराशी उभा असतो. जो बाहेर पडेल त्याचं नाव टिपतो. नाहीतर कुणीतरी राहून जातं आणि नाताळपर्यंत माझ्याशी बोलत नाही. यंदा गुडघा दुखतो म्हणून तुम्ही लवकर गेलात ना?”

म्हणजे एकोणीस वर्षांचा मान हा निव्वळ कपबश्या वाळेपर्यंतचा वेळ होता. हे गळी उतरायला बाईंना दोन कप चहा लागला. मत्सर काही उतरला नाही. उलट त्याला वाट सापडली.

पुढच्या प्रदर्शनाला संध्याकाळी सहा वाजता हॉल रिकामा झाला. उरल्या दोघी. चिटणीस मॉरीनकडेही बोलले असावेत.

“निघा तुम्ही, मॉरीन. कुत्रा वाट बघत असेल.”

“त्याला शेजारी ठेवलाय. तुम्हीच निघा, गुडघा आहे तुमचा.”

“गुडघा ठणठणीत आहे.”

“हा कप मी पुसलाय, ऑलिव्ह.”

“दिसतंय ना. म्हणूनच परत पुसतेय.”

दाराशी किल्ल्या वाजत राहिल्या. आठाला हेब्डननी दिवे घालवले, तेव्हा दोघी नव्या नवरा-नवरीसारख्या खांद्याला खांदा लावून एकदमच उंबऱ्याबाहेर पडल्या.

पत्रक आलं त्या दिवशी मॉरीन फाटकाशी उभी होती.

“वाचलंत?”

“वाचलं,” बाई म्हणाल्या. शेवटी, पण मुळीच कमी नव्हे, हेब्डन यांच्या पत्नी आयव्ही होत्या. चिटणिसांचं जेवण दोनदा गरम केल्याबद्दल.

“एक बशी विसळली नाही तिनं.”

“हॉलमध्ये पाऊल नाही टाकलं. आत ये, मॉरीन. किटली ठेवतेच आहे.”

बाईंनी लग्नातल्या कपबश्या काढल्या. आयव्हीच्या पडद्यांपासून सुरुवात करून दोघी तासभर मनापासून बोलल्या. मग मॉरीन रिकामा कप घेऊन मोरीकडे वळली, तसा बाईंनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

“राहू दे. हे माझं काम.”