परीक्षेतली म्हैस

आमच्या खाणावळीच्या मालकीणबाईंचा मुलगा चित्रकला कशी शिकवायची, ते परदेशातल्या विद्यापीठात शिकतो. सुट्टीला मंगळवार पेठेत घरी आला की हात पाठीमागे बांधून फिरतो. कारण विचारलं तर म्हणाला, "हात मोकळं असलं की दुसऱ्याची पेन्सिल वढून घेतो मी. सवय मोडाय लागलोय."

या खेपेला त्याची परीक्षा फोनवर, व्हिडिओ कॉलने होती. कधी चित्र न काढलेल्या माणसाला शिकवून दाखवायचं होतं. त्याने मला म्हैस काढायला बसवलं. माझी शाळा सातवीत सुटली. परक्या गावात या घराने मला काम दिलं, आणि आता माझ्यापायी पोरगं नापास होणार, या धास्तीने माझी म्हैस बाजेसारखी झाली.

"जरा नीट करून द्या ना," मी कुजबुजलो.

"म्हस तुमची हाय, पावणं."

परीक्षा घेणाऱ्या फोनमधल्या मॅडमनी हे काय आहे, असं विचारलं. त्याने फोन माझ्याकडे वळवला. "तुम्हीच सांगा. इंग्रजी मी करतो."

मी नंदुरबारकडच्या आमच्या म्हशीचं सांगू लागलो. खरं तर परीक्षेच्या शेवटी आपण कसं शिकवलं ते त्याने सांगायचं होतं. तो वेळ माझ्या म्हशीने खाल्ला. पोरगा मात्र म्हैस लाथ कुठल्या पायाने मारते, तेही मला विचारून इंग्रजीत सांगत राहिला.