दोन टोकं तीच, आकडे मात्र दोन

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. "कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यातलं व्होल्टेज एकच," असं मी वर्गात ठासून सांगितलं होतं.

त्या शनिवारी प्रात्यक्षिकाची तयारी चालली होती. उभ्या लोखंडी गजावर कॉइल, तिला एसी सप्लाय, आणि गजाभोवती दोन रेझिस्टर जोडून केलेलं कडं. डावीकडे छोटा रेझिस्टर, उजवीकडे त्याच्या नऊपट मोठा. ते जिथे जुळतात त्या दोन टोकांना मी गजाच्या डावीकडून एक मीटर लावला, उजवीकडून दुसरा. डावा म्हणाला दहा मिलिव्होल्ट, उजवा नव्वद!

"एक मीटर गेला वाटतं," मी वैतागले.

आमच्या लॅबमधल्या मदतनीस मावशी जवळच्या सायखेडा गावाहून येत. त्यांनी मीटरची अदलाबदल केली. मघाशी नव्वद दाखवणारा आता डावीकडे दहा दाखवू लागला.

"मीटर चांगलं हाय, मॅडम. जागेचा गुण हाय हा," त्या म्हणाल्या. मग टोकं तशीच ठेवून त्यांनी डावा मीटर वायरींसकट गजाच्या डोक्यावरून पलीकडे नेला. दहाचे नव्वद झाले. परत आणला. दहा!

मी किंचाळलेच. "पुन्हा करा, मावशी!" त्यांनी केलं, मग मी केलं, मग दोघी खिदळत सुटलो. आणि हसता हसताच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मीटर त्याच्या स्वतःच्या वायरींतून जे वाहतं तेवढंच सांगतो. डावीकडे असताना त्याच्या वायरी आणि डावा रेझिस्टर यांच्या वेटोळ्यात गज येत नाही, म्हणून त्याला त्याच रेझिस्टरचं व्होल्टेज दिसतं. पलीकडे नेला की उजव्याचं. मधलं चुंबकक्षेत्र सतत बदलत असेल, तर दोन टोकांमध्ये 'एकच' व्होल्टेज उरतच नाही!

आवाज ऐकून विभागप्रमुख सर आले. "काय चाललंय?"

"सर, तुम्हीच बघा."

"कनेक्शन ढिलं असेल," म्हणत त्यांनी मीटर गजावरून नेला, आणला, पुन्हा नेला. चष्मा पुसून पुन्हा आणला. मग स्टुलावर बसून इतके हसले की मावशींनी त्यांना पाणी आणून दिलं.

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या मी म्हणाले, "मागे मी तुम्हाला अर्धंच खरं सांगितलं. चला, सगळे लॅबमध्ये."