जोडव्यांचं पाणी

आमच्या घरात फुलं दोनच ठिकाणी जायची, देवाला नाहीतर सवाष्णींच्या केसांत. आत्या दोन्हीकडे नव्हती. लग्नाला वर्ष होत नाही तोच तिचा नवरा वारला आणि बाबा तिला फुलसावंगीला घरी घेऊन आले. साऱ्या घराचे हार-गजरे मात्र तीच ओवायची, तिच्यासारखी गाठ कोणाला जमायची नाही. ओवून झालं की राखेनं हात खसाखसा घासायची. "वास राह्यते हाताले," म्हणायची. माझं डोकं फिरायचं ते तिथेच.

साठ सालाच्या मागेपुढे मी पुसदला मामांकडे राहून हायस्कुलात जात होते. विज्ञानाच्या सरांनी एकदा चांदीचं पाणी करून दाखवलं. पाण्यात चांदीचे दोन तुकडे, त्यांना तारा, तारांना सेल. चांदीचे डोळ्याला न दिसणारे कण सुटतात, तरंगत राहतात आणि पाणी नासू देत नाहीत. त्यात ठेवलेली फुलंही जास्त टिकतात, असं ते म्हणाले. बाकीच्या पोरी चित्र काढत होत्या आणि मला आत्या दिसत होती. नुसती बघायची म्हणून पाण्यात ठेवलेली फुलं ना देवाची, ना केसांतली. त्यांच्यासाठी नियमच कोणी केला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत येताना मी गुलछडीची जुडी आणली आणि आत्याच्या खोलीत नेऊन ठेवली. माय दारातच उभी.

"हे कायले? सडतीन अन् घर घान करतीन. बाईच्या खोलीत फुलं पाहून लोक काय म्हनतीन?" माय आत्याला बाईच म्हणायची.

"सडत नाहीत. पार शेंड्यावरची कळी उमलते का नाही, पाह्य."

"अन् नाही उमलली त?"

"त या घरात आत्यासाठी पुन्हा फुलाचं नाव काढनार नाही."

बोलून तर बसले. गुलछडी खालून वर उमलत जाते, शेंड्यापर्यंत पोचायच्या आत दांडा कुजतो, हे मलाही ठाऊक होतं.

चांदी मागितली तर मायनं पैंजणांना हात लावू दिला नाही. आत्यानं पेटी उघडली आणि चिंधीत बांधलेली जोडवी माझ्या हातावर ठेवली. नवरा गेला त्या दिवशी पायातून काढलेली.

"बाई, ते कायले काढता?" माय पुटपुटली.

"मंग काय मी घालून राह्यली का आता? पडूनच हायेत."

मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तो बरा पडला. बाबांच्या बॅटरीतले सेल काढून घेतले. तारा जोडून विहिरीच्या पाण्यात जोडवी सोडली तर त्यातल्या क्षारांनी पाणी ताकासारखं पांढुरकं झालं, ते फेकलं. सरांनी वाफेचं पाणी वापरलं होतं, ते तेव्हा आठवलं. मग पातेल्यावर झाकण उपडं धरून वाफेचं पाणी थेंब थेंब गोळा केलं. बोटं भाजली. माय बघून न बघितल्यासारखं करत होती. शेवटी पाण्याला फिक्कट पिवळी झाक आली. एक जोडवं काळं पडलं होतं.

अर्धी जुडी साध्या पाण्यात ठेवली, अर्धी या पाण्यात. साध्या पाण्यातले दांडे लवकरच बुळबुळीत झाले, कळ्या तपकिरी होऊन गळल्या. चांदीच्या पाण्यातल्या मात्र रोज थोड्या वर उमलत गेल्या. आत्या येता-जाता दारात थांबायची आणि पुढे जायची.

शेजारची काकू विरजण मागायला आली आणि खोलीत डोकावली. "अगं माय, ही फुलं कोनासाठी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "माह्यासाठी."

काकूनं मायकडे पाहिलं. माय विरजणाची वाटी भरत राहिली.

सगळ्या छड्या काही शेंड्यापर्यंत गेल्या नाहीत. एकच गेली. तिची शेवटची कळी एका संध्याकाळी उमलली, इवलीशी, जराशी वाकडी. आत्यानं ती खुडली, दोन्ही तळव्यांत धरली आणि कितीतरी वेळ हुंगत बसली. मग चुलीपाशी गेली आणि राखेला हात न लावता तसेच हात ओले करून पीठ मळायला बसली.

बाबांनी पहिला घास तोडला आणि थांबले. ज्वारीच्या भाकरीला गुलछडीचा वास येत होता. मायलाही कळलं होतं, तिची मान खाली होती.

"अजून एक वाढ," बाबा आत्याला म्हणाले.