कोलंबियाच्या जंगलात आमच्या बोलीतली हाक

मी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच, अशा मताचा माणूस. या ग्रुपवर कोणी भास, संकेत वगैरे लिहिलं की खाली चेष्टेची कमेंट माझीच असायची. आता तुम्ही माझी करा, हरकत नाही... पण आधी पूर्ण वाचा.

आम्ही वसईतल्याच नंदाखाल गावचे, ख्रिस्ती. माझी मोठी बहीण सबिना नन आहे आणि नर्सही. बरीच वर्षं ती दक्षिण अमेरिकेत, कोलंबियात आहे. जंगलातल्या एका नदीकाठच्या गावात छोटा दवाखाना चालवते. त्या नदीवर ताबा मिळवायला दोन सशस्त्र गट भांडतायत. आज एका गटाची माणसं बंदुका घेऊन गावात येतात, उद्या दुसऱ्याची. दोघांचाही प्रश्न एकच — तुम्ही कोणाच्या बाजूचे? पोलीस, लष्कर फार लांब.

मी फोनवर कितीदा म्हटलं, "बाय, आता परत ये."

"दवाखाना बंद केला तर इथल्या बायकांनी बाळंतपणाला जायचं कुठे?" ती उलट मलाच विचारायची.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. संध्याकाळ होती, पण ऊन होतं अजून. मी वाडीत पंप खोलून बसलो होतो. आई केळीची सुकलेली पानं काढत होती. अचानक तिने कोयता खाली टाकला आणि जिवाच्या आकांताने ओरडली. आमच्या घरच्या बोलीत. तुम्हाला कळेल असं लिहितो — "सबिना, थांब! वाटेनं नको, पाण्यातनं ये!"

मी धावलो. आई घामाने भिजलेली, पण शुद्धीत.

"कोणाला हाक मारलीस?"

"दिसली ना ती मला. त्या वाटेने जात होती."

"कुठल्या वाटेने, आई? ती इथे नाहीये!"

"ते मला ठाऊक आहे," ती चिडून म्हणाली आणि कोयता उचलून कामाला लागली.

सबिनाचा फोन लागेना. रोज लावत होतो. अखेर एका सकाळी तिचाच आला. मी आईला खुणेने गप्प बसवलं. म्हटलं, आधी ती काय सांगते ते ऐकू.

ती सांगत होती... एक बाई अडली होती, मूल आडवं आलेलं. शहरातल्या हॉस्पिटलात न्यायलाच हवं होतं आणि बंदूकवाल्यांनी बोटी अडवलेल्या. सबिना त्यांच्या म्होरक्याला म्हणाली, "गोळी घालायची तर घाल, मी हिला नेणार." त्याने चालत जायला वाट दिली. पहाटे चार जण त्या बाईला झोळीत घालून निघाले. पुढे सबिना, हातात पांढरं कापड.

"उजाडल्यावर मला आईचा आवाज आला," ती म्हणाली. दिवस तोच होता; आपल्याकडे संध्याकाळ असते तेव्हा तिकडे सकाळ. "आपल्या बोलीत. वाटेनं नको, पाण्यातनं ये. मी जागच्या जागी थांबले."

बाजूने ओढा वाहत होता, कमरेएवढ्या पाण्याचा. माणसं वैतागली, पण ती वाटेवर पाऊल टाकेना. शेवटी झोळी डोक्यावर धरून सगळे ओढ्यातून गेले. त्याच दिवशी त्याच वाटेवर पुरलेल्या सुरुंगावर पाय पडून कोणाचं तरी खेचर मेलं. बाई वाचली, मूलही.

थकव्याने भास झाला असेल... मीही तेच म्हणालो. त्यावर सबिनाने व्हॉइस नोट पाठवली. झोळी धरणाऱ्यांपैकी एकाने तिला विचारलं होतं, "ती बाई कोण ओरडली?" त्या नोटमध्ये त्याने ऐकलेले शब्द जसे आठवले तसे म्हणून दाखवले होते. त्याला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. उच्चार मोडके, पण वाक्य आईचंच. शब्दाला शब्द.

हेडफोन लावून मी ती नोट पुन्हा पुन्हा ऐकलीय. सबिनाने त्याला शिकवलं असेल, हेही मनात आणून बघितलं. पण मग तिला तरी ते कुठून कळलं? ती फोनवर ते म्हणाली तोवर आईचं वाक्य आम्ही तिला सांगितलंच नव्हतं!

नाताळला सबिना घरी आली. आम्ही सगळ्यांनी तिला अडवलं. मामांनी दम दिला, मी भांडलो. आई एकटीच तिची बॅग भरत होती.

"तू तरी सांग तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? तिकडे पोटुशी बायका वाट बघतायत तिची."

सबिना गेली. दवाखाना चालू आहे. बंदूकवाले येतात, जातात, ती दार लावत नाही. आणि त्या संध्याकाळी आमच्या वाडीतला आवाज तिथवर कसा पोचला, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.