रंगाऱ्याच्या छपरावरची रेघ

छोट्या विमानतळाच्या धावपट्टीवर पांढरे पट्टे मारणाऱ्या रंगाऱ्याचं घर त्याच धावपट्टीच्या टोकाशी, कुंपणाबाहेर होतं. उतरणारी विमानं त्याच्या छपरावरून जायची. नियम असा, की पट्टे सुरू होतात तिथून बाहेरच्या बाजूला आकाशात एक चढती रेघ धरायची आणि कुठल्याही घराने तिच्यावर डोकं काढायचं नाही. रंगाऱ्याचं छप्पर त्या रेघेला आधीच टेकलेलं. वर खोली काढायचं नावच नको.

खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एक खोली म्हाताऱ्या आईची, दुसरी मुला-सुनेची. रंगारी आणि बायको स्वयंपाकघरात झोपत. सून पहाटे पाण्याला आली, की तिला संकोच नको म्हणून रंगारी खोटं खोटं घोरायचा. आता तिला दिवस गेले होते.

"वर खोली काढा बाबा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो," मुलगा म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच रंगाऱ्याला ते खरं वाटलं.

वर खोलीची परवानगी मागायला तो विमानतळाच्या इंजिनियरकडे गेला. "खाली खणा की," इंजिनियर हसला. "जमिनीखाली आमचा नियम नाही."

"खाली काय, मेल्यावर जायचंच आहे," बायको घरी म्हणाली.

त्याच महिन्यात धावपट्टीवर नवं डांबर पडलं. जुने पट्टे झाकले गेले, खुणेचे खिळेही गाडले गेले. इंजिनियरला ऊन लागत होतं. "वर्षानुवर्षं तुम्हीच रंगवताय," तो रंगाऱ्याला म्हणाला. "दाखवा कुठून सुरू करायचे. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

रंगाचे डबे घेऊन मुलगा मागे उभा होता. पट्टे आत सरकले, की रेघही घरावरून वर उचलली जाणार, हे बापलेकांना पक्कं ठाऊक होतं. पण मग उतरायला धावपट्टी तोकडी पडणार. रुग्ण आणणारं विमान तर आताच पार शेवटाला जाऊन थांबायचं.

"बाबा, थोडं आत," मुलगा पुटपुटला.

इकडे आड, तिकडे विहीर. रंगाऱ्याला स्वतःच्या पायांचाच राग आला, कारण ते जुन्या जागेवर जाऊन थांबले होते. "इथून," तो म्हणाला. मुलाने डबे खाली ठेवले आणि मागे न बघता चालू लागला.

आठवड्याभरात मुला-सुनेचं सामान हललं. बायकोने स्वयंपाकघरातलं अंथरूण उचलून त्यांच्या खोलीत टाकलं. दुपारी विमान गेलं, तसं रिकामं कपाट खडखडलं.

"आता पुरतं ना घर?" तिने विचारलं.

रंगारी भिंतीकडे तोंड करून घोरायला लागला. खरी झोप लागली की तो कधीच घोरत नसे, हे तिला ठाऊक होतं.