मानोऱ्याच्या मळ्यातली परीक्षा

नाशिकहून निघताना बायकोने बजावलं होतं, “परीक्षक म्हणून जाताय, मास्तर म्हणून नाही. मध्ये तोंड घालू नका.” निवृत्त झालो तरी आयटीआयची सवय सुटलेली नाही, हे ती ओळखून आहे.

वाशीमला रेल्वेतून उतरून एसटीने मानोरा गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली वावरं (शेतं). सरकारच्या कौशल्य प्रशिक्षणात इथल्या तांड्यांवरच्या (बंजारा वस्त्यांवरच्या) बायका पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकल्या होत्या. केंद्रावर पोचलो, तर परीक्षेची मोटारच सकाळी जळालेली!

मग सगळी वरात जवळच्याच एका शेतकऱ्याच्या, गजाननभाऊंच्या भाजीच्या मळ्यात. त्यांची मोटार तीन दिवसांपासून बंद होती आणि वांग्यांनी माना टाकल्या होत्या. पहिला नंबर रेखाताई राठोडांचा. त्याच संध्याकाळी मुकादम (ऊसतोडीला मजूर नेणारा) तांड्यावर नावं लिहायला येणार होता.

“पास झाली तं पंचायतीच्या मोटरीचं काम भेटन मले,” त्या म्हणाल्या. “नाई तं पोरीची शाळा सोडून कोयता घ्या लागन.”

त्यांनी स्टार्टर खोलला, जळकी वायर काढली, नवी बसवली. बटणाकडे हात गेला तोच गजाननभाऊ आडवे आले. “थांबा बाप्पा! नारळ फोडल्याबिगर मोटर चालू कराची नाई.”

नारळ फुटला, प्रसाद वाटला, बटण दाबलं. मोटार घुमली, पण पाइपातून करंगळीएवढी धार!

“नारळ वाया गेला,” गजाननभाऊ पुटपुटले. वीज जायला दहाच मिनिटं होती. चूक मला कळली होती. तरी ओठ घट्ट मिटून बसलो.

रेखाताईंनी खोबऱ्याचा तुकडा गालात ठेवला आणि धारेकडे पाहत राहिल्या. “बंद करा भाऊ. मोटर उलटी फिरून राह्यली.” त्यांनी मेन स्विच पाडला, दोन वायरींची अदलाबदल केली.

या वेळी पाणी असं उसळलं की माझे बूट भिजले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गजाननभाऊंनी बांधावरच वांग्याची भाजी अन् भाकर वाढली, वर पिशवीभर वांगी बांधून दिली.

परतीच्या एसटीच्या खिडकीशी रेखाताई आल्या. “सर, निकाल कधी लागन?”

नियमाने निकाल कार्यालयाकडूनच कळतो. पण मुकादम काही कार्यालयासाठी थांबणार नव्हता.

“मुकादमाला सांगा, यंदा येत नाही.”

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि वळून तांड्याच्या वाटेला लागल्या, जवळजवळ धावतच.

घरी आल्या आल्या बायकोने विचारलं, “तोंड घातलं नाहीत ना मध्ये?”

“मध्ये नाही,” मी वांग्यांची पिशवी तिच्या हातात देत म्हणालो. “शेवटी घातलं.” उभ्या नोकरीत इतकं कमी बोलून इतकं समाधान मला कधी मिळालं नव्हतं.